‘आत्यालाच का?’ आणि ‘कुणाला जास्त?’

वारज्याहून एका आईंचं पत्र आलंय. त्यांची मुलगी एसवायबीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. बारावीनंतर नीटमध्ये नंबर लागला नाही. घर मूळचं बार्शी तालुक्यातलं. आजी मिश्री लावायच्या, त्या तोंडाच्या कर्करोगाने गेल्या. गेल्या वर्षी आत्याला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, स्तनाचा कर्करोग निघाला. तेव्हापासून मुलगी म्हणते, ‘कॅन्सर का होतो, यावरच मला काम करायचंय.’ वडिलांचं म्हणणं असं की मग एक वर्ष गॅप घेऊन नीट पुन्हा द्यावी, नाहीतर बायोटेकला जावं; आकडेमोड करून कर्करोग कसा कळणार? आई विचारतात : डॉक्टर न होता हे काम करता येतं का? त्यात पोट भरतं का? आणि ‘आमच्या रक्तातच हे असेल, तर तिने रोज त्याच दुःखात जाऊन बसावं का?’

प्रिय ताई,

तिसरा प्रश्न तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलाय, पण पत्र खरं त्याच्यासाठीच लिहिलं असावं. त्याच्याकडे येतेच. आधी तिच्या बाबांशी बोलते.

त्यांना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याबद्दल सांगा. या इंग्रज तरुणाला डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठलं आणि ते राहून गेलं. आजारपणात त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे संख्याशास्त्राकडे वळले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा ब्रिटनमधला १९५०चा गाजलेला अभ्यास त्यांनी आणि डॉ. रिचर्ड डॉल यांनी मिळून केला. फुप्फुसाचा कर्करोग झालेले रुग्ण आणि दुसऱ्याच आजारांनी दाखल झालेले रुग्ण, दोघांनाही एकसारखे प्रश्न विचारले आणि हिशेब मांडला. आत्यांच्या उपचारात तुमच्या कानावर बीआरसीए-१ हे नाव आलं असेल, ज्यात दोष असला की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो ते जनुक. ते सतराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० मध्ये दाखवणाऱ्या मेरी-क्लेअर किंग यांची पहिली पदवी गणिताची. आकडेमोड करणारी माणसं या कामात पाहुणी नाहीत, घरचीच आहेत.

या शास्त्राला आपण साथरोगशास्त्र म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डेंगी आणि कोविड येतात. बाहेर बहुतेक जण एपिडेमिऑलॉजी असंच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. कोणता आजार कुणाला होतो, कुठे जास्त होतो आणि त्या लोकांच्या शरीरात किंवा जगण्यात वेगळं काय आहे, हे माणसं मोजून शोधायचं, असं ते काम आहे.

आता लेकीला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मी गोड करून सांगणार नाही. ‘आत्यालाच का झाला?’ याचं उत्तर हे शास्त्र देत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच सांगता येत नाही. ते सांगतं की अमुक प्रकारच्या हजार बायकांमध्ये तमुक हजारांपेक्षा हा आजार किती जास्त दिसतो. आत्यांसाठी उत्तर शोधायला म्हणून ती या वाटेला लागली, तर चार वर्षांत खचेल. पण तिचा प्रश्न ‘आत्यालाच का?’ इथून सरकून ‘कुणाला जास्त, आणि किती?’ इथे येत असेल, तर ही वाट तिचीच आहे. माझ्या मते निर्णय या एका गोष्टीवर करावा, मार्कांवर नाही.

हे तिला कळावं म्हणून तुमच्याच घरातलं उदाहरण घेते. आजार निघाल्यापासून आत्या मागचं सगळं उकरून काढत असतील. प्लॅस्टिकचे डबे, नोकरीतला ताण, बाळाला कमी दिवस पाजलं, ती एक गोळी घेतली होती ती. धडधाकट बाई असं मागे वळून बघत नाही. तिला विचारलं तर ‘आठवत नाही बाई’ म्हणून ती मोकळी होते. म्हणजे आजारी आणि निरोगी अशा दोघींना एकच प्रश्न विचारला, तरी एकीच्या उत्तरात जास्त गोष्टी सापडतात, आणि संशोधकाला वाटतं, मिळालं कारण! आठवणीतला हा झोल ओळखता येणं हे या कामातलं अर्धं कौशल्य.

त्यावर उपाय असा की आजार होण्याआधीच विचारून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. याला कोहोर्ट म्हणतात. मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात असं एक मोठं काम झालं. मतदार याद्या हातात घेऊन कार्यकर्ते घरोघर गेले, पस्तिशीच्या पुढच्या जवळपास १ लाख ४८ हजार लोकांना तंबाखूच्या सवयी विचारल्या, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच दारात जाऊन कोण हयात आहे, कोण गेलं हे पाहिलं. पहारेकरी आत सोडत नाहीत म्हणून उच्चभ्रू सोसायट्या त्यातून वगळाव्या लागल्या. लेकीला विचारा, यामुळे निष्कर्षात काय फरक पडेल? या प्रश्नावर ती जेवताना ताटावर अर्धा तास बोलत बसली, तर मला कळवा.

बार्शीचं तर तिला माहीत असायलाच हवं. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तुमच्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या भागातल्या गावांत नोंदणीची माणसं स्वतः जातात, लोकांना लक्षणं समजावतात, कुणाला काय झालं ते लिहून घेतात. शहरातल्या नोंदणीचं काम थोडं वेगळं चालतं. मुंबईची नोंदणी साठच्या दशकातली, देशातली पहिली, पुण्याचीही आहे. तिथे रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब, महापालिकेचे मृत्यूचे दाखले असं सगळं फिरून एकेक नाव गोळा करतात. एकच माणूस तीन ठिकाणी दाखवून आला असेल तर त्याची एकच नोंद ठेवायची. उपचाराला पुण्यात आलेला पण राहायला नगरचा असेल, तर तो पुण्याच्या आकड्यात धरायचा नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण ‘पुण्यात स्तनाचा कर्करोग वाढतोय का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर फक्त या वहीत मिळतं. आणि लाखात किती जणांना, हे काढायचं तर भागाकाराला लोकसंख्या लागते. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ची, त्यामुळे छेद अंदाजाने धरावा लागतो. संख्याशास्त्राच्या मुलीसाठी इथेच केवढं काम पडलंय!

तुमच्या सासूबाईंचा आजार १९८७ नंतरचा असेल आणि त्या तेव्हा गावीच राहत असतील, तर बार्शीच्या वहीत त्यांचीही एक ओळ असण्याची शक्यता मोठी. हे तिला जरूर सांगा.

बार्शीच्या त्या पायावर पुढे मोठं काम उभं राहिलं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. ५२ गावगट आणि १ लाख ३१ हजारांवर बायका. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झाली, तरी पुढे बळावलेला आजार आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या बायकांमुळे जगाला कळलं.

आता जनुक आणि जीवनशैली. लोक या दोन पेट्या वेगळ्या धरतात, तिने धरू नयेत. मुंबईच्या नोंदणीत फार पूर्वी दिसलं होतं की पारशी बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आहे. लग्नं समाजातल्या समाजात, म्हणजे जनुकं असतील. पण लग्नं उशिरा, मुलं कमी किंवा नाहीतच, हेही त्याच समाजात. आणि पहिलं बाळंतपण उशिरा होणं किंवा न होणं यानेही हा धोका वाढतो. मग किती वाटा कशाचा? आणि त्याच पारशांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी, कारण धर्माने धूम्रपान वर्ज्य. एकाच समाजात दोन्ही धागे असे गुंतलेले. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पित्ताशयाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांचे जनुकसंच तपासले, तेव्हा एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ या जनुकांच्या भागात धोक्याशी जोडलेले फरक सापडले. यातलं दुसरं जनुक पित्तात स्निग्ध पदार्थ सोडण्याच्या कामातलं. पण हा आजार गंगेच्या खोऱ्यात इतका जास्त का, हे एकट्या जनुकाने सुटत नाही. पाणी, तेल, पित्तखडे, जंतुसंसर्ग सगळं तपासावं लागतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे आत्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारण्याची तयारी म्हणून वाचा.

एका घरात दोन कर्करोग झाले म्हणजे ते रक्तात आहे, असं होत नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात साधारण नऊपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता असते. मोठ्या गोतावळ्यात दोन जण सापडणं नवलाचं नाही. एकूण कर्करोगांपैकी वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होणारे ५ ते १० टक्के धरतात. आजींचा तोंडाचा आजार आणि मिश्री यांचा संबंध उघड आहे, तो बाजूला ठेवा. आत्यांचं वय मात्र कमी आहे. तरुण वयातला स्तनाचा कर्करोग असेल तर जनुकीय समुपदेशन, म्हणजे आजार वारशाचा असू शकतो का याबद्दल तज्ज्ञांचा सल्ला, घ्यावं असं सुचवतात, आणि पुण्यात ते मिळतं. तपासणी करायचीच झाली तर आधी आत्यांची होते, लेकीची नाही. ‘आत्या वडिलांकडची, तिच्याकडून कसं येईल?’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. बीआरसीएमधला दोष बापाकडूनही येतो, आणि असलाच तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून हा प्रश्न तिच्या बाबांचाही आहे. त्यांनी समुपदेशनाला सोबत जावं.

आणि दुःखात बसण्याचं म्हणाल, तर या कामाचे बहुतेक दिवस संगणकापुढे चुकलेल्या नोंदी दुरुस्त करण्यात जातात. पण फिल्डवर जावं लागतं, आणि तिथे परक्या बाईला पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, पोट किती वेळा खाली झालं, तंबाखू कधीपासून, हे विचारावं लागतं. ऐकताना आपला चेहरा सांभाळावा लागतो. हे जमेल की नाही, ते तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. तिने करूनच बघायचं.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता, वडील कर्करोगाने गेलेले. मी त्याला बायोटेकला पाठवलं. तीन वर्षांनी येऊन म्हणाला, ‘मॅडम, मला पेशींशी नाही, माणसांशी बोलायचं होतं.’ तो सल्ला माझा चुकला होता. त्याला काय बघायचंय हे मी विचारलंच नव्हतं. म्हणून तुमच्या लेकीच्या बाबतीत ठामपणे सांगते : नीट रिपीट नको आणि बायोटेकही नको. संख्याशास्त्र सोडू नये.

पुढची वाट अशी. बीएस्सी व्यवस्थित पुरी करावी, आर ही संगणकभाषा आत्तापासून शिकावी. मग एमएस्सी : पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग घराजवळ आहे, मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र एकत्र शिकवतात, वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे तेच जैवसंख्याशास्त्र, आहे. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी पुण्यातही मिळते. मात्र काही ठिकाणी एमबीबीएसची अट असते, काही ठिकाणी नसते, म्हणून पात्रता त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. पीएच.डी.पर्यंत जायचं ठरलं, तर खारघरचं टाटा मेमोरियलचं सेंटर फॉर कॅन्सर एपिडेमिऑलॉजी नजरेसमोर ठेवावं.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावरच्या, करारावरच्या असतात. अनुदान संपलं की दुसरा प्रकल्प शोधायचा. बहुतेकांना पीएच.डी.नंतर जरा स्थिरता येते. पण तिच्या हातात संख्याशास्त्र असल्याने ती अडणार नाही. पुण्यातल्या क्लिनिकल रिसर्च आणि औषध कंपन्यांना असे पदवीधर लागतात, आणि दोन-तीन वर्षं तिथे काढून संशोधनाकडे परत येता येतं.

या मे महिन्यात तिला फिल्डवर पाठवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून पुण्याजवळच्या वढूच्या परिसरातल्या २२ गावांत घरोघरची जन्म-मृत्यू-आजारांची माहिती ठेवतंय. विषय फक्त कर्करोग नाही, पण शिकायला त्याहून जवळची जागा नाही. इंटर्न घेता का, असं पत्र तिनेच लिहावं, तुम्ही नाही. तिथे नाही जमलं तर बार्शीला विचारावं.

तोवर घरातलं एक काम. मोठ्या कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा, आईकडचा आणि बाबांकडचाही : कोण, कुठला आजार, कितव्या वर्षी निघाला, तंबाखू किंवा मिश्री होती का. समुपदेशकाला हाच कागद लागतो. पण आधी तिने आत्यांजवळ बसून विचारायचं, ‘तुझं लिहिलं तर चालेल का?’ त्या नको म्हणाल्या तर त्यांची चौकट कोरी ठेवायची, कारण विचारायचं नाही, आणि आत्यांच्या हातचा चहा पिऊन उठायचं.