तिसऱ्यांदा नीट कुणासाठी?

कोपरखैरण्याहून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी दोनदा नीटला बसली, सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क पडले नाहीत. गेल्या वर्षी तिच्या पाच वर्षांच्या मावसभावाच्या पोटात गाठ निघाली. बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टात आजाराचं नाव नव्हतं, पुढच्या तपासण्या सुचवल्या होत्या. तेव्हापासून ती म्हणते, गाठीचा तुकडा तपासून आजार कसा ओळखतात, मला हेच शिकायचंय. वडील विचारतात, "लॅबमधल्या स्लाइडला रंग लावायचं काम मशीन करतं, त्यात करिअर कसलं? तिसऱ्या प्रयत्नाला तिला कसं तयार करू?"

नमस्कार,

मार्कांची मला काळजी वाटली नाही. "नातेवाइकांना काय सांगू, पोरगी लॅबमध्ये लघवी तपासते?" हे तुमचं वाक्य मात्र खटकलं. नातेवाईक काय म्हणतील याला तुम्ही अख्खा परिच्छेद दिलाय. मुलगी हल्ली सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही, याला एक ओळ. लगेच पुढे ठाण्यातल्या क्लासची फी. काका, ती एक ओळ सगळ्यात गंभीर आहे. महिनाभर घरात नीटचं नाव काढू नका. तिच्याशी बोला, तिचं ऐका. तरीही ती गप्पच राहिली, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेली-मानसवर, 14416 ला, फोन करून मराठीतही बोलता येतं.

आता मशीनचं. स्लाइड रंगवणारी मशीनं आहेत, पण ती आजाराचं नाव सांगत नाहीत. लहान मुलांच्या बऱ्याच गाठी नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात जवळपास सारख्या दिसतात: लहान, गोल, गर्द निळ्या पेशी. न्यूरोब्लास्टोमा असेल, विल्म्स ट्यूमर, इविंग सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा किंवा लिम्फोमाही. हे सगळे कॅन्सरच, पण उपचार प्रत्येकाचे वेगळे. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी स्लाइडवर सोडतात. ती जिथे चिकटते तिथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. डेस्मिन आणि मायोजेनिन ही प्रथिनं उमटली तर रॅब्डोमायोसार्कोमाचा संशय बळावतो, फॉक्स-टू-बी उमटलं तर न्यूरोब्लास्टोमाचा. पण सीडी 99 इविंगमध्ये उमटतं तसं लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही उमटतं. त्या एकट्यावर विसंबलं तर मुलाला भलतेच उपचार सुरू होतील. त्यामुळे अनेक मार्कर, म्हणजे अशी ओळख पटवणारी प्रथिनं, एकत्र पाहतात, कधी जनुकीय तपासणीही करतात. शिवाय बायोप्सीचा तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडला नाही, तर प्रथिनं बिघडतात आणि असलेला मार्करही "नाही" असा दिसतो. हे सगळं सांभाळणारा, प्रत्येक खेपेला कंट्रोलची (उत्तर आधीच माहीत असलेली) स्लाइड जोडीला लावणारा माणूस म्हणजे तुम्ही ज्याला लघवी तपासणारा म्हणता तो तंत्रज्ञ. तुमच्या मेहुणीच्या मुलाचं निदान त्याच्या हातावरही अवलंबून होतं.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. निदान करून रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट करतात आणि त्यासाठी एमबीबीएस, मग एमडी लागतं. ती वाट नीटमधूनच जाते. तेव्हा तिला विचारा: तुला सही करायची आहे, स्लाइड तयार करायची आहे, की नव्या तपासण्या शोधायच्या आहेत? सही करायची असेल आणि तिसरा प्रयत्न तिने स्वतःहून मागितला, तरच तो द्या. स्लाइडच्या कामासाठी बीएस्सी एमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी. संशोधनासाठी जीवशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी आणि मग पीएचडीची प्रवेश परीक्षा; टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक तुमच्याजवळच, खारघरला आहे.

ती एमएलटीकडे वळली तर फी भरण्याआधी दोघं मिळून कॉलेज बघून या. जाहिरातीतल्या "शंभर टक्के नोकरी"वर अजिबात जाऊ नका. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे असे तुकडे तपासण्याचा, विभाग उघडून दाखवायला सांगा. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, तिथे बायोप्सी येतात का, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री तिथेच होते की नमुने बाहेर पाठवतात, हे विचारा. विद्यापीठाची मान्यता कागदावर पाहा. आणि हे प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.