टेबलला पण लावता येईल आणि हातात पण चालेल असा लाकूडकामाचा एकच राउटर (लाकडाला खाच, कड, नक्षी मारायचं मशीन) कोणता घ्यावा? (सांगली)

दादा, एकच घ्यायचा असेल तर प्लंज राउटर (ज्याची मोटर स्प्रिंगवर वरून खाली दाबता येते) घ्या, १६०० वॅटच्या आसपासचा, आणि स्पीड कमीजास्त करता येणारा पाहिजेच. कारण टेबलवर दाराच्या पॅनलचा मोठा बिट (कापायचं पातं) लावला की तो १०-१२ हजार आरपीएमवरच फिरवायचा, फुल स्पीडला लय धोका असतो, लाकूड पण जळतं. टेबलखाली राउटर उलटा लावल्यावर प्लंजची स्प्रिंग उंची सेट करताना आडवी येते, म्हणून बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू आहे का बघा.

कॉलेटचं (बिटचा दांडा पकडणारा भाग) मात्र नीट ध्यानात ठेवा, १/२ इंची दांड्याचा बिट म्हणजे १२.७ एमएम, तो १२ च्या कॉलेटमध्ये जात नाही आणि १२ चा बिट १/२ इंचीत घट्ट पकडत नाही, चालू मशीनमधून सुटू शकतो. म्हणून बिट आणि कॉलेट एकाच मापाचे घ्या.

सांगली-मिरजेत ज्याचे कार्बन ब्रश, आर्मेचर (मोटरचे सुटे भाग) लगेच मिळतात तीच कंपनी बघा, नाहीतर ऑर्डर अंगावर असताना काम अडतं.

नुसती सनमायकाची कड मारायची असेल तर एवढा जड कशाला, ६ एमएमचा ट्रिमर (छोटा हलका राउटर) बास. आणि टेबलवर लाकूड उजवीकडून डावीकडंच ढकला.