किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या लहान मुलाला साथीच्या काळात कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की मुलीचं ट्रान्सप्लांट नुकतंच झालंय आणि परत कोविडसारखं काही आलं तर तिला घरात कसं जपायचं. आम्ही नाशिकचे, मुलाचं ट्रान्सप्लांट कोविडच्या आधीचं, किडनी माझीच, त्यामुळे २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं ह्यातून गेलोय. मी डॉक्टर नाही, डोसचं सगळं तुमच्या नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा, मी घरातलं सांगते.

व्हायरसची जेवढी भीती वाटते ना, त्यापेक्षा जास्त भीती गोळी चुकण्याची ठेवा. ट्रान्सप्लांट झालेल्या बहुतेक मुलांना कोविड तसा हलकाच गेला हे नंतर कळलं, पण टॅक्रोलिमस, म्हणजे इम्युनिटी दाबून ठेवणारी रोजची मुख्य गोळी, चुकत राहिली तर शरीर किडनीला परकं समजून तिच्यावर उठतं आणि मग पुन्हा डायलिसिस. त्या वेळी ओळखीतले पालक विचारायचे, साथ आहे तर इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या थोड्या कमी करू का. स्वतःच्या मनाने अजिबात नाही. इन्फेक्शन झालं तर मायकोफेनोलेट (ती पण इम्युनिटी दाबणारीच) कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर ठरवतात, आणि स्टेरॉइड तर अचानक बंद करायचीच नसते.

म्हणून आधी स्टॉक. टॅक्रोलिमस काही गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा कुरिअर बंद, मुंबईला आमच्या हॉस्पिटलला जायचं तर प्रवासाच्या परवानगीचा ई-पास, कसाऱ्याच्या पुढे गाडी सोडतील की नाही ते पण माहीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या कायम असतात, नवीन पाकीट मागे, जुनं पुढे. मेडिकलवाला म्हणाला की ही कंपनी नाहीये, दुसरी देतो, कंटेंट सेमच आहे, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन लावा, कारण टॅक्रोलिमसचा ब्रँड बदलला की लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, वरखाली होऊ शकते, परत रक्त तपासावं लागतं.

रक्त म्हणजे क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते त्यावरून कळतं) आणि टॅक्रोलिमस लेव्हल, हे पुढे ढकलू नका. साथीत सगळ्यांनी हेच ढकललं, हॉस्पिटलमध्ये जायला नको म्हणून. लॅबवाले घरी येतात, फक्त एक लक्षात ठेवा, लेव्हलचं रक्त सकाळच्या डोसच्या आधी घ्यायचं असतं, आदल्या रात्रीच्या डोसला साधारण १२ तास झालेले असताना. आमच्याकडे नऊची गोळी. लॅबचा मुलगा पीपीई किट घालून घामाघूम होत इंदिरानगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचा, तोपर्यंत गोळी बशीत ठेवलेली आणि पोरगा हात पुढे करून दारातच उभा, की काका लवकर टोचा म्हणजे नाश्ता मिळेल. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईला, डॉक्टर व्हिडिओ कॉलवर. २५ मार्च २०२०ला सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले त्याचा आम्हाला खरंच फायदा झाला. पण कॉलवर डॉक्टरांना बीपी दिसत नाही हो, त्यामुळे घरी बीपीचं मशीन ठेवा, पट्टा मुलांच्या मापाचा घ्या, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा चुकतो. वजन, बीपी, ताप आणि लघवी साधारण किती झाली, हे वहीत लिहायचं. लघवी कमी, वजन एकदम वर, बीपी वर, ताप किंवा किडनी बसवली तिथे दुखणं, ह्यातलं काहीही दिसलं तर रात्री दोनला पण फोन करायचा.

आता काढ्याचं सांगते. आमच्या सासूबाईंपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांना पोराची इम्युनिटी वाढवायची होती! अहो, त्याची इम्युनिटी आपण मुद्दाम दाबून ठेवलीये, किडनी टिकावी म्हणून, ती वाढवणारं औषध त्याला कसं चालेल. गुळवेल तर नकोच, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही तो भाग वेगळा, आपण आपल्या पोरावर प्रयोग कशाला करायचा. सासूबाईंना समजवायला वेळ लागला, शेवटी डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं तेव्हा काढा बंद झाला. खाण्यात पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्याने टॅक्रोलिमस वाढते. आपल्याकडची द्राक्षं चालतात, नीट धुऊन. पाणी भरपूर, उन्हाळ्यात तर मागे लागून पाजायचं, शाळेत बाटली संपवली का ते रोज विचारायचं.

तापाला आयब्रुफेन नको, किडनीला वाईट, पॅरासिटॅमॉलसुद्धा विचारूनच. जुलाब लागले तरी लगेच कळवा, त्यात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते आणि अंगातलं पाणी कमी होतं, दोन्ही बाजूंनी किडनीवर ताण. जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तर गोळ्यांची यादी आधी दाखवा, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, कोविडवरची पॅक्सलोविड, ह्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल प्रचंड वाढू शकते.

लस घरातल्या सगळ्यांनी घ्यायची, कारण ट्रान्सप्लांटवाल्यांना लस घेऊनही अँटिबॉडी कमी तयार होतात, मग आजूबाजूचे सगळे सेफ हवेत. मुलीला फ्लूची इंजेक्शनवाली दरवर्षी, पण गोवर, कांजिण्यांच्या लाइव्ह लसी, म्हणजे ज्यात जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो त्या, विचारल्याशिवाय नाही. घरात लहान भावंड असेल तर पल्स पोलिओच्या थेंबांचंही आधी विचारा, ते पण लाइव्ह असतात.

बाकी मास्क, हात धुणं तुम्हाला माहितीये. ह्यांची ड्युटी सातपूरला, आले की थेट बाथरूम, मग पोराजवळ. पण पोराला खोलीत कोंडून ठेवू नका. आम्ही संध्याकाळी गच्चीवर पतंग उडवायला सोडायचो, शेजारची दोन मुलं पलीकडच्या गच्चीवरून, आणि आरडाओरडा एवढा की खालचे काका वैतागायचे. शाळा सुरू झाल्यावर क्लासटीचरला एवढंच सांगितलं की वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी मला फोन करा, कारण कांजिण्यांशी संपर्क आला तर लगेच इंजेक्शन किंवा औषध द्यावं लागू शकतं आणि त्यात उशीर चालत नाही.

तुमचं सेंटर मुंबईला की पुण्याला ते लिहिलं नाहीत. लांब असेल तर तुमच्या गावातच एक बालरोगतज्ज्ञ आत्ताच पकडून ठेवा, जो अडीअडचणीला तुमच्या नेफ्रोलॉजिस्टशी स्वतः फोनवर बोलेल, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या यादीचा फोटो त्याला आजच पाठवून द्या.