नाटकांच्या जाहिरातींचा गठ्ठा फोडण्याआधी

तुमच्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेतून नाटकांच्या जाहिराती, पद्यावल्या (नाटकातल्या पदांच्या चोपड्या) आणि गाण्याच्या जलशांच्या पत्रिका निघाल्या आहेत. काळ साधारण १९२० ते १९३८. त्यावर घरात तीन मतं पडलीत: बालगंधर्वांच्या तेवढ्या फ्रेम करून दिवाणखान्यात लावाव्यात, सगळ्या लॅमिनेट करून फाइलला लावाव्यात, किंवा ज्यानं भाव विचारलाय त्याला निवडक देऊन टाकाव्यात. शिवाय तुम्ही विचारलंय की बहुतेक कागदांवर सालच नाही, ते कसं शोधायचं.

आत्ता या तिन्हीपैकी काहीच करू नका, आणि गठ्ठा फोडू तर अजिबात नका. ‘मानापमान’ची सुटी जाहिरात आणखी कुणाकडेही निघू शकेल. पण एकाच घरातली माणसं अठरा-वीस वर्षं कुठल्या कंपनीच्या कुठल्या खेळांना गेली, कुठल्या गावी गेली, कुठला खेळ पुन्हा पाहिला आणि कशाकडे फिरकलीच नाहीत, हे सांगणारा गठ्ठा तुमच्याकडेच आहे. आपल्या रंगभूमीबद्दल जे लिहून ठेवलं गेलं ते बरंचसं नटांनी, नाटककारांनी आणि कंपनीच्या मालकांनी. तिकीट काढून पिटात, म्हणजे स्वस्तातल्या जागेवर, बसलेल्या माणसाच्या हातचं फार थोडं उरलंय. तुमची ट्रंक म्हणजे त्या माणसाची बाजू आहे. त्यातून बालगंधर्व वेगळे काढले की उरलेल्याला संदर्भ राहत नाही, आणि खरं म्हणजे बालगंधर्वांच्या कागदालाही राहत नाही.

म्हणून कागद हलवण्याआधी ट्रंक आहे तशी वरून फोटोत घ्या. मग थरामागून थर. कुठला कागद कशात घडी घालून ठेवला होता, कुठली पत्रिका कुठल्या पद्यावलीत होती, हे टिपून ठेवा. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीनं क्रमांक घाला. बॉलपेन नको, चिकटपट्टीची चिठ्ठीही नको. क्रमांक ज्या क्रमानं सापडलं त्याच क्रमानं. साल, कंपनी, नाटक यांप्रमाणे लावणं नंतर वहीत किंवा संगणकावर करता येतं. कागदांचा मूळ क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही.

आता सालाकडे येऊ. यात मी अनेक रात्री घालवल्यात आणि हे काम मला मनापासून आवडतं.

त्या काळच्या जाहिराती दोन-चार दिवसांपुरत्या छापलेल्या असत, त्यामुळे ‘शनिवार ता. १४ रोजी रात्रौ’ एवढंच पुरे वाटे. साल कशाला छापायचं? पण वार आणि तारीख यांची जोडी हीच तुमची पहिली किल्ली. तीच तारीख त्याच वारी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनीच परत येते. समजा एका कागदावर ‘शुक्रवार ता. ८ जुलै’ आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत ८ जुलैला शुक्रवार फक्त चार वेळा आला: १९२१, १९२७, १९३२ आणि १९३८. एकवीस वर्षांतून चारच उरली. आता नावं वाचा. केशवराव भोसल्यांचं नाव काम करणाऱ्या नटांमध्ये असेल तर साल १९२१ च, कारण त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ते गेले. आणि जाहिरातीत ‘मानापमान’च्या नायक-नायिकेपुढे, धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व, अशी नावं एकत्र असतील तर लगेच मला कळवा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व या दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’चा तो कागद असेल. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे अध्वर्यू एका पडद्यामागे उभे राहिले, ती रात्र. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव नव्हते.

नाव आहे म्हणजे माणूस हयात आहे असं मात्र धरू नका. नावाआधी ‘कै.’ आहे का ते भिंगातून पाहा, ते अक्षर बारीक असतं आणि घडीत पुसलं जातं. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर येण्याआधीच, २३ जानेवारी १९१९ ला, त्याचे नाटककार राम गणेश गडकरी गेले होते. पहिला प्रयोग बडोद्याला २० फेब्रुवारीला झाला. म्हणजे या नाटकाचा तुमच्याकडचा कुठलाही कागद त्यानंतरचाच.

संगीत कुणाचं हेही सालाच्या कामी येतं. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि गंधर्व कंपनीच्या पुढच्या नाटकांच्या चालींची जबाबदारी त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्याकडे आली. १९३१ चं ‘कान्होपात्रा’ त्यांचंच. ललितकलादर्शकडे केशवरावांनंतर बापूराव पेंढारकर आले. १९२२ चं ‘सत्तेचे गुलाम’, १९२३ चं ‘तुरुंगाच्या दारात’ ही वरेरकरांची नाटकं बापूरावांच्या अमदानीतली. त्यांच्या जाहिरातींत पु. श्री. काळे यांनी रंगवलेल्या पडद्यांचा उल्लेख दिसला तर तो पूर्ण टिपून घ्या. नेपथ्याला एवढं महत्त्व येऊ लागलं होतं हे त्यातून दिसतं. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी १९१८ ची, म्हणजे त्या कंपनीचा कागद त्याआधीचा असणं शक्यच नाही. आणि सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ असेल तर १९३१ च्या मागे जायची गरज नाही.

मिती, म्हणजे पंचांगातली तिथी आणि शक, दिली असेल तर आणखी सोपं. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, खेळ १ जानेवारीपासून पाडव्याआधीपर्यंत झाला असेल तर ७९. ‘अधिक’ महिना छापलेला असेल तर जुनं पंचांग काढा, बहुधा साल एका बैठकीत हाती येतं, कारण तोच महिना अधिक म्हणून परत यायला बरीच वर्षं लागतात.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कागदाचा तळ. तिथे बारीक टाइपात एक ओळ असते: अमुक यांनी अमुक छापखान्यात, अमुक गावी छापलं. ही हौसेनं घातलेली ओळ नव्हे. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. कंपन्या सतत फिरतीवर. पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, नागपूर, बडोदा, इंदूर. जाहिरात बहुधा मुक्कामाच्या गावीच छापली जाई. त्यामुळे थिएटरचं नाव फाटून गेलं असलं तरी या ओळीवरून गाव कळतं, आणि गाव कळलं की तुमचं कुटुंब त्या वर्षी कुठे होतं हेही कळू लागतं. बदलीच्या नोकरीतलं घर असेल तर सर्व्हिस बुकाशी ताडून पाहा. फ्रेमवाले नेमकी हीच ओळ माउंटखाली दडपतात किंवा कापतात. फ्रेमला माझा पहिला विरोध त्यासाठीच आहे.

थिएटरांची नावं जशी छापलीत तशीच लिहून घ्या, आजचं नाव शेजारी वेगळं लिहा. कोल्हापूरच्या जाहिरातीवर ‘पॅलेस थिएटर’ असेल तर ते आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा किती जणांच्या पोटात तुटलं असेल! अशा वास्तूच्या जुन्या दिवसांचा एकेक कागद आता जास्तच जपायला हवा.

पद्यावल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक त्या जाहिरातींपेक्षा कमी प्रतीच्या समजतात. थिएटरात विकल्या जाणाऱ्या या पातळ चोपड्यांत नाटकातली पदं असत, पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून मूळ चीज दिलेली. आवृत्तीचा आकडा आणि साल मुखपृष्ठाच्या आत सापडेल. ते साल प्रयोगाचं नव्हे, पण घरच्यांनी पाहिलेला प्रयोग त्याआधीचा नाही एवढं पक्कं होतं. आणि समास! बेळगावकडच्या एका घरातली ‘एकच प्याला’ची पद्यावली मी पाहिली. नायिका सिंधूच्या एका पदाशेजारी शिसपेन्सिलीनं ‘२’ आणि दुसऱ्या एका पदाशेजारी ‘४’ असा आकडा होता. आधी वाटलं पाठांतराच्या खुणा असाव्यात. मग शेवटच्या पानावर त्याच हातचं ‘वन्समोअर’ सापडलं. त्या रात्री कुठलं पद किती वेळा परत म्हणायला लावलं, त्याचा हिशेब कुणीतरी अंधारात बसून ठेवला होता. मागच्या कव्हरावर धोब्याचा हिशेब. दोन्हींचं अक्षर एकच, म्हणजे घर चालवणाऱ्याच माणसाचं. कोरी करकरीत प्रत मिळाली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. तुमच्याकडच्या कुठल्याही खुणा खोडरबरानं ‘स्वच्छ’ करू नका. पानांत तिकिटाचं अर्धुक असेल तर ते त्याच पानात राहू द्या.

हे कागद आजेसासूबाईंच्या ट्रंकेत होते, आजेसासऱ्यांच्या कपाटात नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कितीतरी जाहिरातींत स्त्रियांच्या बसण्याच्या वेगळ्या सोयीची ओळ असते आणि त्यांचा दरही वेगळा असतो. तुमच्याकडच्या जाहिरातींत तो दर खुणावलेला आहे का पाहा. आजेसासूबाई कुणाबरोबर जात, कंपनीच्या गावच्या मुक्कामात किती वेळा जात, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला याच महिन्यात विचारा आणि कुणी काय सांगितलं ते नावानिशी तुमच्या वहीत लिहा. त्याच वर्षांत रंगमंचावरही बदल होत होता. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर जलसे करत होत्या. १९२९ मध्ये त्यांच्या घरच्यांनी नाटक कंपनी काढली आणि त्यात स्त्रियांची कामं स्त्रियाच करत. मग १ जुलै १९३३ ला मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं, ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांना घेऊन. बालगंधर्वांची सिंधू पाहिलेल्या बाईंनी हेही पाहिलं होतं का? तुमच्या ट्रंकेत याचं उत्तर असू शकेल. म्हणून हिराबाईंच्या जलशाची साधी, चित्र नसलेली पत्रिका मला रंगीत जाहिरातीइतकीच मोलाची वाटते. जलशांच्या पत्रिकांवर साथीदारांची नावं असतील तर एकही सोडू नका, तबलजी आणि सारंगिये यांची नावं इतरत्र सहज सापडत नाहीत.

१९३३-३४ नंतर तुमच्या गठ्ठ्यात नाटकं कमी आणि बोलपटांच्या गाण्यांची पुस्तकं जास्त दिसतील असा माझा अंदाज आहे. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला, एकेक नाटक कंपनी कर्जात गेली, आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले. ती सिनेमाची पुस्तकं ‘नाटकाची नाहीत’ म्हणून बाजूला काढू नका. एका घराची आवड कशी सरकली ते त्यांनीच कळतं.

जपणूक. लॅमिनेशन नाही म्हणजे नाही: उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा अडकतो, तो सोडवता येत नाही. सेलोटेपही नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, टाचणीखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवून अलगद सैल करा. जाहिराती बहुतेक पातळ रंगीत कागदावर आहेत, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. त्यांना पाण्याचा थेंबही लावू नका, रंग फुटतो. घडी कडकडत असेल तर उघडू नका, घडीतच राहू द्या. कागदांच्या मध्ये आम्लविरहित कागद, वर जाड पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर, आतल्या कोरड्या खोलीत. पोथ्यांसारखं बासन बांधायचं तर धुतलेलं कोरं मांजरपाट घ्या, लाल कापडाचा रंग पावसाळ्यात उतरू शकतो. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कागदाला टेकवून ठेवू नका. कसर दिसली तर तेवढेच कागद वेगळे करा आणि जतनतज्ज्ञाला विचारा.

स्कॅन दोन्ही बाजूंचं, ६०० डीपीआयवर, कडा न कापता, शेजारी मोजपट्टी ठेवून. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात फोन वरून सरळ धरून फोटो काढा, फ्लॅश नको. भिंतीवर लावायची हौस त्या स्कॅनच्या छापील प्रतीनं भागते आणि मूळ कागदाला ऊन लागत नाही. निनावी छापील जाहिरातींवरचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे या जाहिरातींचे स्कॅन खुले करायला अडचण नाही. सोबत घरची पत्रं असतील तर ती वेगळी बाब, ती घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

विकण्याबद्दल. तुमची गरज असेल तर मी कोण नाही म्हणणार, पण निवडून देऊ नका. आधी पूर्ण यादी आणि स्कॅन करा, मग पूर्ण गठ्ठा एकत्र घेणाराच पाहा. द्यायचंच असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दिल्लीची संगीत नाटक अकादमी किंवा तुमच्या गावचं जुनं नगर वाचनालय यांना आधी पत्र लिहून तीन प्रश्न विचारा: संग्रह घराच्या नावानं एकत्र ठेवणार का, तो वाचकांना पाहायला मिळणार का, आणि यादीची प्रत आम्हाला देणार का. तिन्हींची उत्तरं लेखी आल्याशिवाय ट्रंक घराबाहेर काढू नका.

साल न लागलेल्या कागदांपैकी पाच-सहांचे फोटो इथे टाका. वार-तारखेची ओळ, पात्रांची नावं आणि तळाची छापखान्याची ओळ एवढं स्पष्ट दिसलं पाहिजे. जुनी पंचांगं माझ्याकडे आहेत, मी बसतो त्यावर.