वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं: वर्गात भलतंच उत्तर आलं तर?

या वेळच्या टपालात वर्ग, मुलं आणि त्यांचं डोकं चालवणं याच विषयावरची पत्रं जास्त होती. त्यांतली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

प्रश्न : बाई, मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात 52 मुलं आहेत. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून मी मुद्दाम प्रश्न विचारते, पण वर येणारे हात तेच चार आणि उत्तरं गाईडमधली. क्वचित कोणी वेगळं बोललंच, तर ते इतकं भलतं असतं की काय म्हणावं ते मलाच कळत नाही. त्यात पोर्शन संपवायचा असतो. नवा विचार करायला मुलांना शिकवायचं तरी कसं?

उत्तर : तुमच्या पत्रात ‘काय म्हणावं ते मलाच कळत नाही’ असं एक वाक्य आहे. तिथूनच सुरुवात करू. मुलांना काय शिकवायचं ते नंतर बघता येईल. भलतं उत्तर आल्यावर पुढच्या चार-पाच सेकंदांत बाई काय करतात, यावर सगळा वर्ग लक्ष ठेवून असतो. आपण एक तर ‘बरं, अजून कोण सांगेल?’ म्हणून पुढे सरकतो, नाही तर ‘चूक’ म्हणून मोकळे होतो. तिसरा प्रकार म्हणजे ‘व्वा, किती वेगळा विचार!’ म्हणत टाळ्या वाजवायला लावणं. हा दिसायला चांगला, पण त्यानेही व्हायचं तेच होतं. बाईंना हवं ते मिळालं, आता विषय संपला, हे पोरांना बरोबर कळतं. त्या उत्तराचा पुढे विचार कोणी करत नाही.

मी शिकवत असताना एक प्रश्न हमखास वापरायची. मोजपात्रातल्या पाण्यात दगड बुडवला की पाणी जेवढं चढतं तेवढं दगडाचं घनफळ, हे करून दाखवायचं आणि लगेच म्हणायचं, ‘आता पाणी नाही. कुठलाच द्रव नाही. काढा घनफळ.’ एकदा एक मुलगी म्हणाली, ‘दगड ओल्या मातीच्या गोळ्यात दाबायचा, अलगद काढायचा, खळग्यात वाळू भरायची आणि ती वाळू मोजायची.’ मागच्या बाकावरून आक्षेप आला, ‘वाळूत मधे मधे हवा असते. माप चुकणार.’ मी एवढंच विचारलं, ‘चुकणार कशावरून? आणि जास्त येणार की कमी?’

पुढचा बराच वेळ मला बोलावंच लागलं नाही. वाळूतली हवा खळग्यात असते तशी मोजपात्रातही असते, आणि आपण हवेसकट व्यापलेली जागाच मोजतोय, त्यामुळे तो आक्षेप वाटतो तेवढा मारक नाही, इथपर्यंत पोरं आपली आपण आली. मग कोणीतरी वाळूऐवजी खडी घेऊन पाहिली. खडीच्या मोठ्या तुकड्यांमुळे खळग्याच्या कडेला फटी राहिल्या आणि माप बिघडलं. तेव्हा बारीक वाळूच घ्यायची, असं त्यांनीच ठरवलं. पाण्याची रीत त्यांना पाठ होती. ती का चालते हे मात्र वाळूशी झटापट केल्यावर कळलं. त्यामुळे तुम्हाला पहिला सल्ला असा : ओळखीच्या प्रश्नातलं नेहमीचं साधन काढून घ्या. मोजपट्टीशिवाय लांबी, घड्याळाशिवाय वेळ, चुंबकाशिवाय लोहकीस वेगळा करणं. ‘काहीतरी नवीन सुचवा’ म्हटलं की मुलं छताकडे बघतात. अडवणूक केली की कामाला लागतात.

दुसरं, गप्प बसा. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांतल्या संवादांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मुलाचं उत्तर संपल्यावर तेवढंही थांबत नाहीत, असं त्यांना आढळलं. 1974 साली हे काम प्रसिद्ध झालं. थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, ‘असं असेल का’ छापाचे अंदाज वाढले, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली आणि ‘मंद’ म्हणून बाजूला पडलेली मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. 52 मुलं रोखून बघत असताना मात्र ते फार लांब वाटतात. मनातल्या मनात आकडे मोजा. उत्तर संपल्यानंतरचे तीन सेकंद तर मुळीच चुकवू नका, कारण पुष्कळदा मुलाचं खरं उत्तर त्याच्या दुसऱ्या वाक्यात असतं.

आता ते ‘भलतं’ उत्तर. 1963 साली टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने आइस्क्रीमसाठी उकळलेलं दूध निवण्याची वाट न पाहता तसंच फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या मुलाच्या न तापवलेल्या दुधाआधी त्याचं गोठलं. त्याने शिक्षकांना विचारलं. ‘तुझा गोंधळ झाला असेल, असं होऊ शकत नाही,’ असं उत्तर मिळालं. पुढच्या शाळेत पुन्हा विचारलं, तर हे ‘म्पेम्बाचं भौतिकशास्त्र’ आहे, जगाचं नव्हे, असा शेरा मिळाला. मग काय, त्याचं काहीही चुकलं की वर्ग त्याच शेऱ्याने त्याची टर उडवायचा. पुढे डेनिस ऑस्बोर्न हे विद्यापीठातले प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा या पठ्ठ्याने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. पोरं हसली. ऑस्बोर्नही चकित झाले, पण त्यांनी परत जाऊन प्रयोग करवून घेतला. ज्या तंत्रज्ञाला काम दिलं त्याने कळवलं की गरम पाणी खरंच आधी गोठलं, पण योग्य निष्कर्ष मिळेपर्यंत आपण प्रयोग करत राहू! (हे वाक्य मला फार आवडतं. आपण सगळे थोडेफार तो तंत्रज्ञ असतो.) 1969 साली म्पेम्बा आणि ऑस्बोर्न यांचा लेख दोघांच्या नावाने छापून आला.

गंमत अशी की या परिणामाबद्दल अजूनही एकमत नाही. 2016 साली दोन संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमापं करून त्याला पुरेसा पुरावा नसल्याचं मांडलं. म्हणजे म्पेम्बाचा निष्कर्ष कदाचित चुकीचाही असेल. तरी त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही, आणि ऑस्बोर्न यांनी केलं तेही. त्यांनी त्याला हुशार म्हटलं नाही की वेडा म्हटलं नाही, तपासून पाहिलं. तुमच्याकडे प्रयोगशाळा असो वा नसो, ‘हे खरं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं?’ एवढा प्रश्न पुरतो.

पोर्शनचं म्हणाल, तर प्रत्येक तासाला हे करू नका. आठवड्यातून एका तासाला, एका प्रश्नापुरतं करा. आणि शिकवणं सोडा असं तर मी मुळीच म्हणत नाही. मोजपात्र कधी हाताळलंच नसेल तर वाळूची युक्ती सुचणार कुठून? फक्त करून दाखवताना ‘हे असं चालतं’ म्हणून पूर्णविराम देऊ नका. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना बऱ्याच छुप्या करामती असलेलं एक खेळणं दिलं होतं. ज्यांना मोठ्या माणसाने ‘बघ, हे असं चालतं’ म्हणून एकच करामत शिकवली, त्यांनी बाकीच्या फारशा शोधल्या नाहीत. ज्यांच्यासमोर तीच करामत चुकून घडल्यासारखी घडली, ती मुलं जास्त उचापती करत बसली. शिकवणारा एकच गोष्ट दाखवून थांबला की मुलं समजतात, यात आणखी काही नसणार. म्हणून प्रयोग संपताना एकदा तरी म्हणा, ‘मी एवढंच दाखवलं, यात आणखी काय आहे ते बघा.’

प्रश्न : बाई, माझ्या मुलाने 48 गुणिले 25 हे गणित 48 भागिले 4, म्हणजे 12, आणि त्याचे 12 शेकडे, म्हणजे 1200, असं सोडवलं. उत्तर बरोबर असूनही पद्धत पुस्तकातली नाही म्हणून शून्य गुण मिळाले. तो हिरमुसला आहे. शाळेत जाऊन भांडू का?

उत्तर : भांडू नका, पण भेटा जरूर. आणि भेटायच्या आधी घरी एक काम करा. मुलाला विचारा, 48 च्या जागी 47 असतं तर? चारने भाग जात नाही, बाकी 3 उरते. तो म्हणेल, ‘मग नाही चालणार.’ त्याला घाई करू नका. 11 शेकडे झाले 1100 आणि उरलेल्या 3 चे तीन वेळा 25, म्हणजे 75. एकूण 1175. चालली की पद्धत! आता 125 ने गुणायचं असेल तर? आठने भागून हजार. हे तुम्ही सांगू नका, त्याला सापडू द्या. नाही सापडलं तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

मग त्यालाच बरोबर घेऊन शिक्षकांना भेटा आणि त्यालाच बोलू द्या. एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूनेही सांगते. वहीत नुसतं ‘12, 1200’ एवढंच लिहिलं असेल, तर ते उत्तर सुचलेलं की शेजाऱ्याचं, हे तपासणाऱ्याला कसं कळणार? स्वतःची वाट काढणाऱ्याने ती दुसऱ्याला दिसेल अशी मांडायलाही शिकलं पाहिजे. ‘25 म्हणजे 100 चा चौथा भाग’ ही एक ओळ वहीत असती तर माझ्या मते पूर्ण गुण द्यायला हवे होते. ती ओळ असूनही शून्य दिलं असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. दर महिन्याला सर्वांत नावीन्यपूर्ण कल्पनेला चषक आणि प्रमाणपत्र द्यायचं आमच्या मनात आहे. आपलं मत?

उत्तर : सर, चषक विकत घेतले नसतील तर थांबा. 1973 सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशा लहान मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं आणि ते दिलंही. पुढे एक-दोन आठवड्यांनी, बक्षीस नसताना, ही मुलं रंगीत पेनांशी इतरांच्या निम्माच वेळ रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांचं मात्र असं झालं नाही. बिघडवलं ते आधी कबूल केलेल्या बक्षिसाने. शिवाय महिनाअखेरीला ‘सर्वांत नावीन्यपूर्ण’ ठरवणार कोण? मोठी माणसं. म्हणजे मुलं आपल्याला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसणार, गाईडमधली उत्तरं पाठ करतात त्याच हिशेबाने.

पैसे खर्चायचेच असतील तर एका खोलीत मोडकी घड्याळं, तारा, स्क्रू, पुठ्ठे आणि हत्यारं ठेवा आणि दुपारच्या सुटीत ती खोली एका जाणत्या माणसाच्या देखरेखीत उघडी ठेवा. जमल्यास शिक्षकांना एक विनंतीही करा : काही गृहपाठांवर गुण न देता फक्त शेरा लिहा. रूथ बटलर यांच्या 1988 सालच्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची गोडी टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची अवस्था नुसते गुण मिळालेल्यांसारखीच झाली. वही हातात आल्यावर पोरं आधी काय बघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मी प्रशिक्षणार्थी शिक्षक आहे. पाठाच्या वेळी गट पाडून विचारमंथन घेतो. गोंगाट भरपूर होतो, पण कल्पना दोन-तीनच येतात, त्याही गटातल्या दांडग्या मुलाच्या. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं फारसं नाही, पद्धतीचंच थोडं चुकतंय. अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने विचारमंथन लोकप्रिय केलं (वरच्या ऑस्बोर्नशी यांचा काही संबंध नाही). पण 1958 सालीच येल विद्यापीठात असं दिसलं होतं की चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना दिल्या, त्याच्या सुमारे दुप्पट चौघांनी वेगवेगळं बसून दिल्या. एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात सुचलेलं विसरून जातं.

म्हणून आधी पाच मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने एकट्याने चिठ्ठीवर लिहायचं. मग चिठ्ठ्या गटात मिसळून वाचायच्या, आणि आपली सोडून दुसऱ्या कोणाची तरी एक कल्पना उचलून ती कशी तपासता येईल यावर बोलायचं. तुमचा दांडगा मुलगाही इथे उपयोगी पडेल, त्याला वाचायला बसवा. चिठ्ठीवर नाव मात्र लिहायला सांगू नका, निदान पहिल्या काही वेळा तरी.