रिग घेण्याआधी काटा शोध

व्हिडिओ कॅमेरा पेलायला रिग, म्हणजे आधाराचा सांगाडा, घ्यायचाय? आधी कॅमेऱ्याचं वजन कर. नुसत्या बॉडीचं नाही. लेन्स, मॉनिटर, माइक, बॅटरी सगळं लावून. वाण्याच्या काट्यावर ठेवलास तरी चालेल. दीड-दोन किलो भरला तर अंगावर चढवायच्या रिगची घाई नको, गिंबल (हातात धरायचा मोटरवाला दांडा) पुरेल. मात्र गिंबल कॅमेऱ्याचं डोलणं सावरतो, ओझं हलकं करत नाही. ते मनगटावरच राहतं.

खांद्यावरचा रिग घेतलास तर बॅटरी मागे लावून तोल साध. पुढे जड राहिला की थोड्याच वेळात हात थरथरतात.

लग्नात, मिरवणुकीत तासन्‌तास उभं राहायचं असेल, तर मी ईझीरिगच्या जातीचा घेईन. पाठीमागून डोक्यावर दांडा येतो, त्याच्या दोरीला कॅमेरा लटकतो आणि भार कमरेवर जातो. पावलांचा हिसका मात्र तो पुरता गिळत नाही. (शिवाय दांडा मांडवाच्या झालरीत अडकतो. अनुभवाचे बोल!)

गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात आणलेला स्टेडिकॅम (अंगातल्या जाकिटाला जोडलेल्या स्प्रिंगच्या बाहूवर कॅमेरा तोलणारा रिग) चालताना सगळ्यांत मऊ, पण हात बसायला महिने जातात. तोल बघायला त्याचा कॅमेऱ्याखालचा दांडा आडवा धरून सोड. सरळ उभा व्हायला २-३ सेकंद लागले तर जमलं.

काहीही घे, आधी एक दिवस भाड्याने आण. पट्टा कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे; पोटावर आला तर सगळा भार पुन्हा खांद्यांवर. आणि पाठ आधीच दुखत असेल तर दुकानाआधी डॉक्टर गाठ.