पहिली-दुसरीच्या जोडवर्गात भिंतीवरचा शब्दखेळ खरंच चालतो का?

तुमचा प्रश्न असा की गुहागरकडच्या शाळेत पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे (दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे), भिंतीवर स्क्रॅबलसारखा मोठा शब्दखेळ लावायचाय, तर कार्डांचा पूर्ण सेट छापून आणू का आणि पोरं तो वापरतील का. वापरतील, अगदी भांडून वापरतील. फक्त छापून आणू नका आणि स्क्रॅबलसारखा तर मुळीच करू नका. मी इकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला द्विशिक्षकी शाळेत आहे, माझ्याकडेही जोडवर्गच असतो, त्यामुळे जे सांगते ते आमच्याच भिंतीवरचं.

स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द करायचा, इंग्रजीसाठी झालेला खेळ आहे. १९३८ साली आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसाने वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सोंगट्या आणि त्यांचे गुण ठरवले, आणि तिकडे ते जमतं कारण अक्षरं एकापुढे एक ओळीत बसतात. आपल्याकडे काना उजवीकडे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची पण म्हणायची नंतर. मग सोंगटी कशाची करणार? अख्खी बाराखडी छापली तर ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे चारशेच्या वर कार्डं होतात, वर ॲ आणि ऑ धरून चौदाखडी केली तर विचारूच नका. एवढा पसारा भिंतीवर आला की पोरगं लांबून बघतं आणि खिडकीबाहेर बघायला लागतं. गुण वगैरेही नको, ळ ला दहा गुण दिले तर पोरं शब्द सोडून ळ च्या मागे लागतात.

म्हणून सुरुवात सहाच अक्षरांनी करा. म, ग, र, ज, न, स घ्या. एवढ्यात मगर, गरम, नरम, नजर, गजर, गरज, समज, मन, रस, सर, जग, नस असे पंधराच्या वर शब्द निघतात, आणि गजर-गरज किंवा मगर-गरम ही तीच कार्डं नुसती जागा बदलून होतात हे पोरांना एकदा कळलं की मग हात थांबत नाहीत. आठवडाभर एवढंच ठेवा. पुढच्या आठवड्यात फक्त एक काना द्या, एकच. तो काना पोरं सगळीकडे लावून बघतात, रसची रास, नगचा नाग, सरचं सार, समजचा समाज होतो. आमच्याकडे एका पोरीने गजरमधल्या ग ला काना लावून गाजर केलं, मग तोच काना उचलून शेवटी र ला लावला आणि ओरडली, "बाई, गाजराचो गजरो झालो!" त्या दिवशी खिचडीच्या रांगेतसुद्धा सगळे काना इकडून तिकडे फिरवत होते तोंडाने. काना म्हणजे काय हे मी फळ्यावर कितीही घोकून घेतलं असतं तरी एवढं झालं नसतं.

कान्यानंतर दुसरी वेलांटी द्या, पहिली नाही. पुस्तकात जरी क्रम उलटा दिसला तरी पोरांच्या तोंडचे शब्द बघा, पाणी, आजी, गाडी, काठी, जाळी, सगळीकडे शेवटी दीर्घ. आणि, नि असे थोडे सोडले तर मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरीच येते, त्यामुळे ती लावून लगेच खरे शब्द मिळतात. पहिली वेलांटी उशिरा आणली की ती आधी काढायची का नंतर हा घोळही कमी होतो.

आता बनवायचं कसं. कार्डांना जुन्या लग्नपत्रिका घ्या, गावात पोत्याने मिळतात आणि जाड असतात. चिन्हांसाठी जुन्या फाईलचं पारदर्शक कव्हर कापायचं, त्यावर पक्क्या मार्करने काना, मात्रा, वेलांटी, उकार काढायचे आणि अक्षराच्या कार्डावर ठेवायचे, म्हणजे चिन्ह आपल्या जागेवर बसतं आणि पोराला ते स्वतः बसवता येतं. खिशांचा तक्ता करणार असाल तर एक गोष्ट नीट ऐका, अक्षर कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात काढा. खालचा भाग खिशात जातो आणि त्याबरोबर उकारही जातो, मग कु चा क दिसतो आणि पोरगं बरोबर वाचून चूक ठरतं. रु आणि रू ची कार्डं वेगळीच करा कारण र ला उकार पायाशी न लागता मधे बाजूला लागतो, ते पारदर्शक पट्टीने जमत नाही.

पाठीमागचा पडदा म्हणून वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून शिवा, त्याला खिसेही फ्लेक्सचेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चार्ट पेपर गळून पडतो, सेलोटेप सुटतो, चुंबक लावाल तर खाऱ्या हवेने गंजतात. फ्लेक्सला काही होत नाही. लॅमिनेशन करायचंच असेल तर आधी कार्ड कापा, मग लॅमिनेट करा आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिकची कड सोडून कापा, नाहीतर कडेने पाणी शिरून श्रावणापर्यंत बुरशीचे ठिपके येतात. खिळे ठोकत बसू नका, दोन खिडक्यांच्या गजांना दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा. आणि खाली टांगा! जमिनीपासून दोन फुटांवर खालची कड, साडेतीन फुटांवर वरची. वर्ग बघायला येणाऱ्या साहेबांना वाकावं लागतं, वाकू देत. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांना वाचन आणि अंकओळख यावी म्हणून केंद्राने काढलेलं अभियान, सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, भिंती तक्त्यांनी भरल्यात पण बरेचसे मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ते कोणासाठी आहेत कोण जाणे.

वापर म्हणाल तर परिपाठ झाल्यावर दहा मिनिटं पुरे. जोडवर्गाचा इथे फायदाच आहे, दुसरीचं पोर शब्द सांगतं, पहिलीचं कार्डं शोधून लावतं, मग दोघं तो शब्द वहीत लिहितात. लिहायला लावाच, नाहीतर खेळ भिंतीवरच राहतो. तुम्ही ऑनलाइन माहिती भरत बसलात (आणि ती रोजच असते) तरी हे सुरू राहतं. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं अशी निपुणची अपेक्षा आहे, तर वर्षाच्या उत्तरार्धात तीन-चार शब्द शेजारी लावून वाक्यही करून घ्या.

कोणी रगम, सजन, मगज असलं काही लावलं तर लगेच चूक म्हणून काढू नका. आधी वाचायला सांगा. रगम हे जो नीट वाचतो तो खरंच अक्षरं वाचतोय, चित्र बघून पाठ म्हणत नाही, एवढं आपल्याला फुकट कळतं. मग विचारा, याला काही अर्थ आहे का रे? आमच्याकडे यावर मोठी चर्चा होते आणि कधी कधी पोरं मलाच गप्प करतात, मगज खरंच शब्द आहे की. मालवणीतलं माका, तुका लावलं तरी राहू दे, त्याच्या खालच्या खिशात मला, तुला लावून घ्या, दोन्ही वाचायचे. पुस्तकातला शब्द तेवढा बरोबर असं म्हणालात की बोलकी पोरं गप्प होतात, हे तुम्हालाही कळेलच.

जोडाक्षरं दुसरीत, दिवाळीनंतर. त्यालाही नवीन कार्डं नकोत. म, न, स, त, प, व या अक्षरांना उजवीकडे दांडा असतो, तो कार्डाच्या अगदी कडेला येईल असं आधीपासूनच काढा, मग कार्डाची तेवढी कड मागे दुमडली की अर्धा म तयार. त्याला ह चिकटवला की म्हैस, म्हावरं, म्हातारी. कड दुमडून अक्षर अर्धं करायला पोरांना फार आवडतं, त्यामुळे कार्डं लवकर फाटतात, पत्रिका जास्तीच्या गोळा करून ठेवा. ट, ड, द, ह यांना दांडाच नाही, ती आणि र चे सगळे प्रकार तिसरीवर ढकलले तरी काही बिघडत नाही.